राज्य आलं की पळायचं नाही!

प्रत्येक गल्लीत एक तरी अशी मुलगी असायचीच. लपाछपीत दुसऱ्यांवर राज्य असलं की दोन-दोन तास दमायची नाही, पण स्वतःवर राज्य आलं रे आलं की "आई हाक मारतेय" म्हणून घरी पसार! मागून आपण सगळ्या ओरडायचो, "रडीचा डाव, रडीचा डाव!" उद्यापासून हिला खेळायला घ्यायचं नाही असं एकमताने ठरायचं, आणि परवा ती पुन्हा आपल्यात असायची. अर्ज नाही, चौकशी नाही. गल्लीचा न्याय तेवढाच असायचा आणि तेवढ्यावर भागायचंही.

आता ही गल्ली मोबाइलमध्ये शिरली आहे. तिथे खेळणाऱ्याचं गाव माहीत नाही, नाव खरं की खोटं माहीत नाही, आणि "आई हाक मारतेय" एवढं सांगायचीही कुणाला गरज वाटत नाही. मी बोलतेय ते ऑनलाइन बुद्धिबळाबद्दल. तुम्ही म्हणाल, हा विषय आपल्या पानावर कशाला? तर मैत्रिणींनो, गेले काही दिवस आमच्या घरात जेवणाच्या वेळी याच एका विषयावर खडाजंगी चालू आहे. डाव अर्धवट टाकून जाणाऱ्याला शिक्षा व्हावी की नाही? आणि वाद घालणाऱ्या दोघी कोण, तर माझी धाकटी जाऊ आणि तिची नववीतली लेक!

२०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा पुतणी मोबाइलवर बुद्धिबळ खेळायला लागली. तिच्या शेजारी बसून मटार सोलता सोलता आईही शिकली. आता रात्री भांडी आवरून, ओटा पुसून, सासऱ्यांची गोळी देऊन झाली की दहा ते साडेदहा ही तिची वेळ. दहा मिनिटांचा एखादा डाव, फार तर दोन. दिवसभरातली तेवढीच अर्धी घटका तिच्या एकटीची असते. पूर्वी बाईला बुद्धिबळ खेळायचं तर क्लब हवा, स्पर्धा हवी, घरून सोडणारं कुणी तरी हवं. १९७४ साली आपल्या देशात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी खाडिलकर भगिनींचं कौतुक आपल्या आईच्या पिढीने पेपरात वाचलं. पण ते वाचून किती जणींना पटाशी बसायला मिळालं असेल? आज मात्र तालुक्याच्या गावातली गृहिणी ओट्याला टेकून ब्राझीलच्या कुणाशी तरी खेळते. म्हणून तर या खेळाचे नियम काय असावेत, यात आपल्यालाही बोलायला हवं.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण आमच्या घरातला निम्मा वाद ती न समजल्यामुळेच होता. बुद्धिबळात हार मान्य करणं म्हणजे पळ काढणं नव्हे. पुढे मात होणार हे दिसत असेल, तर "मी डाव सोडला" असं सांगून समोरच्याशी हात मिळवायचा, ही या खेळाची जुनी रीत आहे. 'फिडे' या जागतिक संघटनेच्या नियमांतही ते लिहिलेलं आहे. एकाने डाव सोडल्याचं जाहीर केलं की दुसरा जिंकला, विषय संपला. मोबाइलवर त्यासाठी छोटासा झेंडा असतो, तो दाबायचा. झालं! पाचव्या चालीला वजीर गमावला आणि झेंडा दाबला, तरी त्यात काही गैर नाही. (पुतणीसारख्या शिकाऊ मुलींनी मात्र इतक्या लवकर झेंडा दाबू नये असं मला वाटतं. समोरचाही शिकाऊच असतो, तोही चुकतो. पण तो सल्ला झाला, नियम नव्हे.)

खरा त्रास देणारे वेगळे. मात एका चालीवर आली की काही मंडळी झेंडा दाबत नाहीत, चालही करत नाहीत. नुसती बसून राहतात. घड्याळात आठ मिनिटं उरलेली असतील तर आठच्या आठ मिनिटं तुम्ही त्या हलत नसलेल्या पटाकडे बघत बसायचं. मी कंटाळून निघून जाईन आणि फुकटचा डाव मिळेल, अशी त्यांची आशा! काही जण सरळ ॲप बंद करून टाकतात. आणि तिसरी जात म्हणजे पहिल्याच चालीआधी डाव रद्द करणारे. काळी सोंगटी आली, कर रद्द. समोरची खेळाडू जरा वरचढ दिसली, कर रद्द. मनासारखा पत्ता येईपर्यंत पत्ते पिसत बसावं, तसं.

हे काही मोबाइलमुळे आलेलं नाही बरं का. १८९५ साली इंग्लंडमध्ये हेस्टिंग्ज इथे फार मोठी स्पर्धा झाली. त्यात माजी जगज्जेते स्टाइनिट्झ आणि जर्मनीचे फॉन बार्डेलेबेन यांचा डाव लागला. स्टाइनिट्झ यांनी हत्तीच्या जोरावर असा काही हल्ला चढवला की आजही तो डाव पुस्तकांतून शिकवतात. बार्डेलेबेन साहेबांना पुढचं सगळं दिसलं. ते उठले, चकार शब्द न बोलता सभागृहाबाहेर निघून गेले, आणि त्यांचं घड्याळ तसंच टिकटिक करत राहिलं. एवढे मोठे गृहस्थ! पण १२५ वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्या डावासोबत त्यांचं ते निघून जाणंही सांगितलं जातं. ही शिक्षा कमी आहे का? मोबाइलवर खोट्या नावाने खेळणाऱ्याला मात्र ही भीती नसते, म्हणून तिथे वेगळी व्यवस्था लागते.

ती आहेही. 'लिचेस' नावाचं फुकट चालणारं एक संकेतस्थळ आहे, २०१० मध्ये एका फ्रेंच तरुणाने सुरू केलेलं. तिथे समोरचा निघून गेला की थोड्या वेळाने "विजय घ्या" असा पर्याय तुमच्यापुढे येतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळावं लागत नाही. आणि जो वारंवार असं करतो, वारंवार डाव रद्द करतो, त्याला काही मिनिटं खेळायला बंदी. सवय सुटली नाही तर बंदीची मुदत वाढत जाते. 'चेस डॉट कॉम' वरही संपर्क तुटलेल्या खेळाडूला थोडा अवधी मिळतो, परत आला नाही तर डाव गेला. वरचेवर असं झालं तर ताकीद, मग निर्बंध.

पुतणीचं म्हणणं, हे अगदीच मवाळ आहे. "काकू, सरळ गुण कापायला पाहिजेत दुप्पट! मी परीक्षा सांभाळून वीस मिनिटं काढते आणि तो असा बसवून ठेवतो." आमचे दीर म्हणतात, "फुकटचा खेळ, त्यात दंड कसला? मन नाही लागलं, उठलो." मला दिरांचं हे बोलणं मुळीच पटलं नाही. खेळ फुकट असेल, वेळ फुकट नाही. ज्याला दिवसभर वेळच वेळ आहे त्याने उठून जाणं आणि जिला दिवसातून अर्धा तास मिळतो तिला त्यातली आठ मिनिटं ताटकळत ठेवणं, यातला फरक ज्याच्या चहाचा कप दुसरं कुणी उचलतं त्याला नाही कळायचा. असो.

पण मग जाऊबाई बोलायला लागली आणि आम्ही सगळे गप्प झालो. कारण ती स्वतःच एक 'डाव टाकून जाणारी' आहे! रात्री सव्वादहाला डाव रंगात आलेला असतो, तेवढ्यात सासरे खोकत उठतात. पाणी द्यायला जावं लागतं. कधी उद्याच्या विरजणाचं दूध उतू जातं. कधी नणंदेचा फोन येतो, तोही त्याच मोबाइलवर, आणि घेतला नाही तर चार दिवस बोलणी. पावसाळ्यात तर आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते आणि लाइटपाठोपाठ नेटही. झेंडा दाबायलाही हात मोकळा नसतो. गेल्या पावसाळ्यात एका आठवड्यात चार वेळा असं झालं आणि पाचव्या दिवशी तिच्या मोबाइलवर पाटी आली, तुम्ही डाव अर्धवट सोडता, काही वेळ खेळता येणार नाही. बंदी काही मिनिटांचीच होती. पण तिला ती लागली. "ताई, दिवसभर सगळ्यांचं सगळं करून मी पळपुटी कशी झाले गं?" असं म्हणाली आणि दोन दिवस तिने खेळ उघडलाच नाही.

यंत्राला फक्त एवढंच दिसतं की चाल आली नाही. दूध उतू गेलं की राग आला, हे त्याला कसं कळणार? आणि हा घोळ फक्त आपल्यासारख्यांच्या घरात होतो असं समजू नका. २०२० च्या ऑगस्टमध्ये फिडेने देशादेशांचं ऑलिंपियाड प्रथमच ऑनलाइन भरवलं. प्रत्येक संघात पुरुष, महिला आणि ज्युनिअर मुलगा-मुलगी असे सहा पट. आपला कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी, आणि संघात नागपूरची दिव्या देशमुख, तेव्हा अवघी १४ वर्षांची. उपांत्यपूर्व फेरीत भारताची गाठ आर्मेनियाशी पडली. त्यांचा हाइक मार्तिरोस्यान आपल्या निहाल सरीनशी खेळत असताना त्याचा संपर्क तुटला आणि वेळ संपून तो हरला. आर्मेनियाने दाद मागितली, ती फेटाळली गेली. संतापून त्यांनी पुढचा सामना खेळायलाच नकार दिला. भारत पुढे गेला.

आणि दोनच दिवसांनी, ३० ऑगस्टला, अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध नेमकं तेच आपल्यावर उलटलं. पहिला सामना बरोबरीत सुटला होता. दुसऱ्यात जगभरच नेटची मोठी गडबड झाली, निहाल आणि आपली दिव्या यांचा संपर्क तुटला आणि दोघांचेही डाव वेळ संपल्यामुळे गेले. रशिया जिंकल्याचं जाहीरही झालं. भारताने दाद मागितली, आणि या वेळी फिडेचे अध्यक्ष द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं. आपल्याला आनंद झालाच, का नाही होणार? पण आर्मेनियातल्या एखाद्या आईने ही बातमी वाचून काय म्हटलं असेल, हेही माझ्या मनात आलं. तिच्या लेकाचीही चूक नव्हतीच. (हीच दिव्या पुढे २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. नागपूरकर मैत्रिणींनी त्या दिवशी किती पेढे वाटले असतील!)

म्हणून मला वाटतं, एका डावावरून कुणाला पळपुटी ठरवू नये. बघायची ती सवय. शंभर डावांत पाच वेळा संपर्क तुटला, त्यातही कधी जिंकत असताना, कधी हरत असताना, तर ते घर आहे, पाऊस आहे, नेट आहे. पण ज्याचा संपर्क नेमका मात जवळ आल्यावरच तुटतो, त्याच्या नेटला बुद्धी फुटलेली असते! हा हिशेब यंत्र आपल्यापेक्षा चांगला करू शकतं, त्याला तो करायला लावला पाहिजे. आणि नवख्यांना सुरुवातीचे काही डाव कच्चं लिंबू धरावं. आपण लहानपणी धाकट्या भावंडांना धरायचो तसं. खेळू द्यायचं, पण राज्य द्यायचं नाही.

हे झालं दोघांच्या डावाचं. पण आमच्या घरातला वाद खऱ्या अर्थाने पेटला तो चौघांच्या बुद्धिबळावरून. हो, चौघांचंही असतं! मोबाइलवरचा हा पट अधिकाच्या चिन्हासारखा दिसतो. १४ गुणिले १४ घरांचा चौकोन, त्याच्या चारही कोपऱ्यांतली नऊ-नऊ घरं कापलेली, म्हणजे उरली १६० घरं. लाल, निळा, पिवळा, हिरवा अशी चार सैन्यं. ही कल्पनाही आपल्याकडे जुनीच. सुमारे १०३० साली अल्-बिरुनीने आपल्या देशाबद्दल जो ग्रंथ लिहिला, त्यात फासे टाकून चौघांनी खेळायच्या बुद्धिबळाचं वर्णन आहे.

पुतणीला हा प्रकार फार आवडतो. जोड्या लावून खेळायचं तर समोरासमोरचे दोघं भिडू, अगदी मेंढीकोटासारखे. आता मेंढीकोट रंगात आलाय, तुमच्या हातात दोन मेंढ्या आहेत, हुकूम बोलून झालाय, आणि तुमचा भिडू पानं टाकून उठला तर? तुम्ही काय त्याची पानंही खेळणार? इथे भिडू गेला की तुम्हीही हरलात. आणि चौघं स्वतंत्र खेळत असतील तर आणखीच विचित्र. एक जण निघून गेला की त्याच्या सोंगट्या करड्या पडतात, त्या मारून गुणही मिळत नाहीत. त्याच्या शेजारी बसलेल्यांची एक बाजू आयती निर्धास्त होते आणि समोर बसलेला बिचारा तोंडात बोट घालून बघतो. पळाला एक, फायदा दुसऱ्याला, भुर्दंड तिसऱ्याला.

दोघांच्या डावात निघून जाणारा निदान तुम्हाला जिंकवून तरी जातो. चौघांत तो ज्याने काही केलंच नाही त्याचं नुकसान करतो. म्हणून तिथे शिक्षा जास्त कडक असावी, या बाबतीत मी पुतणीच्या बाजूची आहे. चौघांत बसायचं तर वेळ काढून बसावं. नाही तर बसू नये.

मोठ्यांच्या जगातही याचं उदाहरण घडलंय आणि ते गाजलंही खूप. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत सेंट लुइस इथे सिंकफिल्ड चषक चालू होता. दहा खेळाडू, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन तिसऱ्या फेरीत हान्स नीमान या १९ वर्षांच्या मुलाकडून हरला आणि दुसऱ्याच दिवशी स्पर्धाच सोडून गेला. नीमान लबाडी करतो असा त्याला संशय. त्या डावातल्या लबाडीचा पुरावा काही समोर आला नाही. अशा स्पर्धेत निम्म्याहून कमी डाव खेळून कुणी गेलं, तर त्याचे झालेले निकाल गुणतक्त्यातून वगळतात. म्हणजे जगज्जेत्याला हरवल्याचा तो गुण नीमानच्या खात्यातून गेला! पुढे १९ सप्टेंबरला एका ऑनलाइन स्पर्धेत दोघं पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा कार्लसनने एक चाल केली आणि डाव सोडून दिला. २०२३ च्या डिसेंबरमध्ये फिडेच्या आचारसंहिता आयोगाने त्याला १० हजार युरोंचा दंड केला, तो मात्र स्पर्धा योग्य कारणाशिवाय सोडल्याबद्दल. मला हा निवाडा आवडला. जगज्जेता म्हणून सोडलं नाही, आणि दहा जणांच्या पंगतीतून मध्येच उठल्याचा दोष नेमका हेरला.

आता एक गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुतणीने सुरुवातीला स्वतःच्याच नावाने खातं उघडलं होतं. मुलीचं नाव दिसलं की काही जणांना पटापेक्षा गप्पांची खिडकी जास्त खुणावते. "कुठली? वय किती? फोटो?" आणि ती उत्तर देत नाही म्हटल्यावर पुढचं जे काही आलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने तडक मोबाइल बंद केला. डाव तिच्या हातचा होता, हत्तीने वरचढ होती. नियमाप्रमाणे ती हरली, गुण तिचे गेले. आईला हे तिने महिन्याभराने सांगितलं, तेही आमचा हा वाद चालू होता म्हणून!

अशा वेळी निघून जाणाऱ्या मुलीला दंड? मुळीच नाही. तक्रारीचं बटण असतं, ते दाबल्यावर गप्पा वाचून निवाडा व्हावा, तिचे गुण तिला परत मिळावेत आणि शिक्षा समोरच्याला व्हावी. तोवर आपल्या हातात जे आहे ते आपण करू. सेटिंगमध्ये जाऊन गप्पांची खिडकी पूर्ण बंद करता येते, माणसाला ब्लॉक करता येतं, आणि खात्याला आपलं खरं नाव द्यायलाच हवं असं नाही. तुमच्या घरात मुलगी खेळत असेल तर आज रात्रीच एवढं तपासा. आणि मधेच डाव सोडून उठली तर "हरलीस ना?" असं म्हणायच्या आधी का उठलीस ते विचारा.

पुतणीचं नाव आता एका फुलाचं आहे, गप्पा बंद आहेत आणि चौघांचा डाव ती फक्त रविवारी दुपारी लावते. जाऊबाईने वेगळीच वाट शोधली. एका चालीला तीन-तीन दिवस मिळतात अशा संथ डावांचीही सोय या ठिकाणी असते, पूर्वी पोस्टकार्डावर चाली धाडून खेळायचे तसं. त्यात दूध उतू गेलं तरी कुणी पळपुटी म्हणत नाही. सध्या तिचे असे सहा डाव चालू आहेत. सकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ती दोन चाली उरकते, आणि त्यातल्या एका डावात एक प्यादं वर आहे. समोरच्याने गेले दोन दिवस चाल केलेली नाही. "करेल गं," ती म्हणते, "त्याच्याकडे पाहुणे आले असतील."